शाओलिनचे छत्तिसावे दालन

‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा हाँगकाँगचा चित्रपट १९७८च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. शॉ ब्रदर्सने तो काढला, नी कुआंग यांनी लिहिला आणि लाउ कार-लेउंग यांनी दिग्दर्शित केला. सान ते या भिक्षूच्या भूमिकेतून गॉर्डन लिऊ हा नट जगभर ओळखला जाऊ लागला. कुंग फू चित्रपटांच्या इतिहासात या चित्रपटाचे स्थान अगदी वरचे आहे. त्याचे कारण मात्र त्यातल्या मारामाऱ्या नाहीत. सुमारे ११५ मिनिटांच्या या चित्रपटात नायक निम्म्याच्या आसपास वेळ नुसता शिकत असतो. तो पडतो, भिजतो, डोके आपटून घेतो, उपाशी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा राहतो. मारामारीच्या चित्रपटात तालमीलाच कथेचा गाभा करण्याचे हे धाडस तोवर इतक्या पूर्णपणे कोणी केले नव्हते.

त्या काळचे हाँगकाँगचे चित्रपट बहुतेक सुडाच्या कथांवर चालत. गुरूचा किंवा बापाचा खून होतो, मुलगा कुठेतरी जाऊन विद्या शिकतो आणि परत येऊन खुन्याला मारतो, हा ठरलेला साचा होता. शिकण्याचा भाग त्यात चार-पाच मिनिटांत उरकला जाई. जुलै १९७३मध्ये ब्रूस ली वारला, तेव्हा या चित्रपटांना जगभर प्रेक्षक मिळू लागला होता. पण पडद्यावरचा नायक बहुधा तयारच अवतरत असे. ब्रूस लीची विजेसारखी चपळाई पाहून लोक थक्क होत. ती त्याने कशी कमावली, हा प्रश्न त्या कथांमध्ये येतच नसे. लाउ कार-लेउंग यांनी नेमका तोच प्रश्न घेतला.

कथेचा काळ मांचू राजवटीचा आहे. १६४४मध्ये मांचूंनी बीजिंग घेतले आणि चिंग घराण्याची सत्ता सुरू झाली. पुढच्याच वर्षी चिनी पुरुषांनी कपाळापासून डोके भादरून मागे वेणी ठेवावी असा हुकूम निघाला आणि न मानणाऱ्यांची मुंडकी उडवली गेली. दक्षिण चीनमध्ये या राजवटीविरुद्धचा राग पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिला. तिथल्या गुप्त मंडळ्यांनी स्वतःच्या उगमाची जी कहाणी सांगितली, तिच्यात शाओलिन मठ मध्यभागी आहे. मांचूंनी मठ जाळला, थोडे भिक्षू निसटले आणि त्यांनी दक्षिणेत विद्या पसरवली, अशी ती कहाणी. सान ते हा याच दंतकथेतला भिक्षू. इतिहासकारांना या जळिताचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. हनान प्रांतातल्या सोंग पर्वतावरच्या शाओलिन मठाला मोठी आग लागली ती फार पुढे, १९२८मध्ये, शी योउसान या सेनापतीच्या हातून.

मठाचा खरा इतिहासही दंतकथेइतकाच रंगतदार आहे आणि त्याची सुरुवात एका भारतीयापासून होते. इ.स. ४९५च्या सुमारास उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी हा मठ बांधला. लोकांना मात्र बातुओपेक्षा बोधिधर्म अधिक ठाऊक आहे. परंपरा सांगते की दक्षिण भारतातून आलेल्या बोधिधर्माने मठाजवळच्या गुहेत भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यान केले आणि भिक्षूंना शरीर बळकट करण्याचे व्यायाम शिकवले. व्यायामांचे श्रेय त्याला देणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. त्यामुळे अभ्यासक ही गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारत नाहीत. भिक्षू लढत होते हे मात्र खरे. इ.स. ६२१मध्ये त्यांनी तांग घराण्याच्या ली शिमिनला लढाईत मदत केली. त्याची नोंद मठातल्या शिलालेखात आहे. सोळाव्या शतकात किनाऱ्यावरच्या चाचेगिरीविरुद्धही ते लढले. त्यांचे नावाजलेले हत्यार म्हणजे साधी लाकडी काठी. नुसत्या हातांच्या लढाईला मठात महत्त्व आले ते नंतर, सतराव्या शतकाच्या सुमारास. चित्रपटाने या साऱ्यातून दंतकथाच उचलली आहे आणि मठातली पस्तीस दालने ही कथेची स्वतःची भर आहे. ती पाहताना दालने खरोखरच तशी असावीत असे वाटत राहते, हे दिग्दर्शकाचे यश.

लाउ कार-लेउंग यांच्या घरात ही विद्या वारशाने आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वांगतुंग प्रांतात वाँग फेई-हुंग हे वैद्य आणि वस्ताद म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचा शिष्य लाम साय-विंग आणि लाम यांचे शिष्य लाउ चाम, म्हणजे दिग्दर्शकाचे वडील. घराण्याची शैली हुंग गार. तिचे पवित्रे रुंद आणि खोल, पाय जमिनीत रोवल्यासारखे, हातांत वाघाची पकड आणि बगळ्याची टोच. लाउ कार-लेउंग लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिकले, तरुणपणी चित्रपटांत किरकोळ कामे करू लागले आणि १९६०च्या दशकात शॉ ब्रदर्समध्ये मारामाऱ्या बसवण्याच्या कामावर आले. दिग्दर्शक चांग चेह यांच्या अनेक चित्रपटांतली झुंज त्यांनी आणि त्यांचे सहकारी तोंग गाय यांनी मिळून बसवली. चांग चेह यांना रक्त आवडे. पोट फाटलेले नायक उभ्यानेच मरत. लाउ यांना विद्येचे हे रूप पसंत नव्हते. १९७५मध्ये स्वतः दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या चित्रपटांत लढणारा माणूस आधी विद्यार्थी असतो, विद्येची एक मर्यादा असते आणि जिंकल्यावर समोरच्याला सोडून देणे ही कमीपणाची गोष्ट नसते.

‘छत्तिसावे दालन’ सुरू होते ग्वांगजोउ शहरात. नायकाचे मूळ नाव लिऊ युदे. तो सुक्या माशांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. शाळेतले गुरुजी गुप्तपणे मांचूविरोधी गटाचे काम करतात. मुलेही त्यात ओढली जातात आणि निरोप माशांतून पाठवले जातात. मांचू सेनापती तिएन ता याला सुगावा लागतो. गुरुजी, मित्र, बाप सारे मारले जातात. युदेला लढता येत नाही. तो फक्त पळू शकतो. शाओलिनमध्ये हवी ती विद्या मिळेल एवढ्या आशेवर तो जखमी अवस्थेत, लपतछपत मठ गाठतो. सेनापतीची भूमिका लो लिएह यांची आहे. १९७२च्या ‘किंग बॉक्सर’चे हे नायक पुढे हाँगकाँगच्या पडद्यावरचे सगळ्यांत भारदस्त खलनायक झाले.

मठ त्याला लगेच काही देत नाही. बाहेरच्या माणसाला ठेवून घ्यायचे की नाही यावरच भिक्षूंत वाद होतो. मठाधिपती दया दाखवतात, त्याचे मुंडण होते आणि सान ते हे नवे नाव मिळते. मग वर्षभर हातात फक्त झाडू. शेवटी तो धीर करून विचारतो की कुंग फू कधी शिकायचे. पस्तीस दालने आहेत, कोणत्या दालनापासून सुरुवात करायची, असे त्याला विचारले जाते. तरुण वयाला शोभेल असे उत्तर तो देतो: सर्वांत वरचे. त्या दालनात काही वृद्ध भिक्षू बसून सूत्रपठण करत असतात. सान तेला त्यातले अक्षर कळत नाही, आणि त्यांच्यातल्या एकाच्या नुसत्या शक्तीने तो मागे फेकला जातो. विद्येचे टोक ग्रंथात आहे, हाणामारीत नाही, हे चित्रपट इथे सांगून मोकळा होतो आणि नायकाला सर्वांत खालच्या दालनात पाठवतो.

पहिले दालन म्हणजे जेवणघराची वाट. भिक्षू आणि भात यांच्यामध्ये पाण्याचे एक कुंड आहे आणि त्यात लाकडांची एक मोळी तरंगते आहे. तिच्यावर पाय टेकवून पलीकडे उडी मारायची. मुरलेले भिक्षू गप्पा मारल्यासारखे सहज पार होतात. सान ते मोळीवर पाय देतो, मोळी फिरते आणि तो गळ्यापर्यंत पाण्यात. ओल्या कपड्यांनी जेवणघरात येण्यास मनाई आहे. कपडे वाळेपर्यंत जेवण संपते. हा प्रसंग दिग्दर्शकाने हसत हसत रंगवला आहे, पण घाई केलेली नाही. सान ते रात्री एकटा कुंडावर येतो, पुन्हा पडतो, लाकडे पाण्यात कशी वागतात ते बघतो आणि पायाचा भार किती, वेग किती याचा हिशेब त्याला हळूहळू लागतो. कोणी त्याला समजावून सांगत नाही. शिक्षक एवढेच करतात की वाट अशी ठेवतात जिच्यावर भुकेला माणूस शिकल्याशिवाय राहूच शकत नाही.

पुढचे दालन हातांचे. दोन्ही हात आडवे, सरळ ताणून पाण्याच्या बादल्या चढावरून वर न्यायच्या. दंडांना सुऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांची टोके बरगड्यांकडे रोखलेली असतात. हात खाली आला की पाते कुशीत टोचते. शिकणाऱ्यांच्या अंगावरच्या जखमा कॅमेरा लपवत नाही. नंतर मनगटाचे दालन. लांब बांबूच्या टोकाला जड वजन. बांबूचे दुसरे टोक धरून त्या वजनाने घंटा वाजवायची, तीही शिक्षकाच्या ठेक्यावर, चुकता कामा नये. या शिक्षकाला झोपाळू चेहरा आणि कडक कान दिले आहेत. ठेका जरा ढळला की तो लगेच दाखवून देतो. शरीराला लागणारी ताकद आणि मनाला लागणारा ताल हे एकाच कामात गुंफलेले आहेत.

डोळ्यांच्या दालनात खोली अंधारी असते. पुढे एक मेणबत्ती डावीकडून उजवीकडे झुलते. तिच्यावर नजर ठेवायची, पण मान हलवायची नाही, कारण चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाडजूड जळत्या उदबत्त्या लावलेल्या असतात. मान हलली की गाल भाजतो. डोक्याच्या दालनात वाळूने भरलेल्या जड पिशव्या रांगेने टांगलेल्या. त्या डोक्याने ढकलत, धडका देत पलीकडे जायचे आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावायची. पहिल्या दिवशी सान ते अर्ध्या वाटेत भेलकांडतो; कपाळ सुजते. पुढे हाच माणूस धडकांच्या रांगेतून सरळ चालत जातो, तेव्हा प्रेक्षकाला त्याच्या कपाळाची किंमत माहीत असते.

सगळी पस्तीस दालने चित्रपट दाखवत नाही, आणि ते शहाणपणाचे आहे. सुरुवातीची काही दालने सावकाश उलगडतात. त्यानंतरची पाय, मुठी, काठी, तलवार यांची दालने झपाट्याने पुढे सरकतात, कारण तोवर शिकण्याची रीत प्रेक्षकाच्या लक्षात आलेली असते. शारीरिक कामाला मंत्रासारखे महत्त्व देणारी ही रीत पुढे इतर चित्रपटांतही दिसत राहिली. १९८४च्या ‘द कराटे किड’मध्ये मोटारी पुसायला आणि कुंपण रंगवायला लावणारा म्हातारा याच जातकुळीतला आहे. १९७८च्याच ऑक्टोबरात आलेल्या जॅकी चॅनच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्येही लांबलचक तालीम आहे, तिथे मात्र ती मुख्यतः विनोदासाठी येते.

सान ते सर्व दालने इतरांपेक्षा फार लवकर पार करतो. मठाधिपती त्याला हव्या त्या दालनाचे प्रमुखपद देऊ करतात. तेव्हा शिस्तीचे काम पाहणारा भिक्षू आडवा येतो आणि आधी मला हरवून दाखव म्हणतो. ली होई-सांग यांनी केलेल्या या भिक्षूच्या हातात दोन आखूड रुंद पात्यांच्या तलवारी आहेत. सान ते हरतो. पुन्हा तयारी करून जातो आणि पुन्हा हरतो. जे शिकवले ते सगळे येत असूनही हे कोडे सुटत नाही. मग तो बांबूच्या बनात एकटा सराव करताना काठीचे तीन तुकडे साखळ्यांनी जोडण्याची कल्पना काढतो. असे तिहेरी काठीचे हत्यार चिनी परंपरेत खरोखरच आहे. त्याचा शोध सान तेच्या नावावर टाकणे ही कथेची हुशारी. तिसऱ्या लढतीत ही काठी कधी ढाल होते, कधी फास, कधी लांब पल्ल्याचा फटका. या तीन लढती चित्रपटातल्या सर्वोत्तम. त्यांच्यात कोणीही मरत नाही, कोणाचा सूड उगवत नाही. विद्यार्थी शिकवलेल्याच्या पुढे एक पाऊल टाकतो, एवढेच घडते.

आता प्रमुखपद घे म्हटल्यावर सान ते पस्तिसांपैकी एकही मागत नाही. त्याला छत्तिसावे दालन हवे आहे, जिथे मठाबाहेरच्या सामान्य माणसांना विद्या शिकवता येईल. मठाच्या दृष्टीने हा अपराध. विद्या भिंतींच्या आतच राहायची. मठाधिपती शिक्षा म्हणून त्याला भिक्षा गोळा करायला बाहेर पाठवतात, आणि ही शिक्षा म्हणजे दिलेली मोकळीकच आहे हे दोघांनाही कळते. चित्रपटाचा सारा अर्थ या एका प्रसंगात आहे. सान ते सुडासाठी आला होता. शिकता शिकता त्याच्या लक्षात आले की एकट्याच्या हातातली ताकद शहराच्या उपयोगाची नाही.

ग्वांगजोउला परतल्यावरचा भाग तुलनेने उरकल्यासारखा वाटतो. सान ते माणसे जमवतो. त्यात जात्यावर काम करणारा एक गडी आहे आणि हुंग हेई-कुनही आहे. हुंग गार शैलीचे मूळ परंपरा याच माणसाकडे नेते, म्हणजे दिग्दर्शकाने आपल्या घराण्याचा उगम कथेत गुंफला आहे. सेनापतीशी शेवटची झुंज होते, ती चांगलीच आहे, पण मठातल्या दीर्घ तासाची बरोबरी तिला साधत नाही. हा दोष अनेक समीक्षकांनी नोंदवला आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सेनापती मेल्यावर चित्रपट लगेच मठात परततो. मोकळ्या अंगणात साधी माणसे रांगेने सराव करताना दिसतात आणि छत्तिसावे दालन सुरू झालेले असते.

हे सगळे पडद्यावर खरे वाटते त्याला चित्रणाची पद्धतही कारणीभूत आहे. शॉ ब्रदर्सचा क्लिअरवॉटर बे इथला स्टुडिओ म्हणजे एक गावच होते. मठाचे बरेचसे आवार तिथेच उभारलेले. पडदा रुंद, रंग ठसठशीत. लाउ कार-लेउंग कॅमेरा इतका मागे ठेवत की लढणाऱ्याचे डोके आणि पाय दोन्ही चौकटीत राहत, आणि एका दमात अनेक डाव होऊ देत. कापाकापी करून न येणाऱ्या नटाला येत असल्याचे भासवण्याचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी बंदच करून टाकला होता. अशा वेळी नायक खरोखर तयारीचाच लागतो.

गॉर्डन लिऊ तसा होता. हे त्याचे जन्मनाव नव्हे. लाउ हे आडनावही जन्माचे नव्हे. (लिऊ आणि लाउ हे एकाच आडनावाचे मँडरिन आणि कँटनी उच्चार.) ग्वांगतुंगमध्ये जन्मलेला हा मुलगा हाँगकाँगमध्ये लाउ चाम यांच्या तालमीत जाऊ लागला, तेही शाळा बुडवून आणि घरच्यांना न सांगता. वस्तादांनी त्याला मानसपुत्र मानले आणि त्याने त्यांचे आडनाव घेतले. लाउ कार-लेउंग अशा रीतीने त्याचे मानलेले थोरले भाऊ झाले. बाहेरून येऊन मठाचे नाव धारण करणारा सान ते आणि बाहेरून येऊन घराण्याचे नाव धारण करणारा गॉर्डन लिऊ यांच्यातले साम्य इतके उघड आहे की भूमिका त्याच्याकडेच जाणे स्वाभाविक होते. चित्रपटांत तो १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात आला, चांग चेह यांच्या चित्रपटांतल्या दुय्यम भूमिकांतून. १९७६मध्ये ‘चॅलेंज ऑफ द मास्टर्स’मध्ये लाउ यांनी त्याला तरुण वाँग फेई-हुंग केले. त्या चित्रपटातला नायकही अखेरीस शत्रूला मारण्याऐवजी सोडून देतो.

अभिनेता म्हणून त्याच्याकडे ब्रूस लीचा दरारा नव्हता आणि जॅकी चॅनची मिश्किली नव्हती. त्याच्याकडे होता एक शांत, थोडासा हट्टी चेहरा. सान ते शिकत असताना त्या चेहऱ्यावर बालिश घाईपासून स्थिरतेपर्यंतचा प्रवास दिसतो, आणि संवादांचा त्यात फारसा हात नाही. मोळीवरून पहिल्यांदा कोरडा पार होतो तेव्हाचा त्याचा आनंद आणि तिहेरी काठीने जिंकल्यावरचे त्याचे मौन या दोन क्षणांत जे अंतर आहे, ते त्याने खांदे, मान आणि श्वास यांतून दाखवले आहे. मुंडण केलेले डोके त्याची ओळखच बनले. पुढे भिक्षू नसलेल्या भूमिकांमध्येही प्रेक्षक त्याला तसाच पाहू इच्छित.

त्यानंतरची काही वर्षे या दोघांच्या कामाचा सर्वोत्तम काळ. १९७८च्याच ‘हीरोज ऑफ द ईस्ट’मध्ये गॉर्डन लिऊ एका जपानी मुलीशी लग्न करतो, नवरा-बायकोतला कुठल्या देशाची विद्या श्रेष्ठ हा वाद जपानी वस्तादांच्या एकामागून एक सामन्यांपर्यंत जातो, आणि संपूर्ण चित्रपटात एकही माणूस मरत नाही. १९८०च्या ‘रिटर्न टू द थर्टी-सिक्स्थ चेंबर’मध्ये तो सान तेचे सोंग घेणारा भामटा आहे. खरा सान ते त्याला मठात घेतो, पण विद्या शिकवत नाही. डागडुजीसाठी मठाभोवती बांबूंची परांची बांधायला लावतो. तो भामटा वरून भिक्षूंचा सराव पाहत परांची बांधतो आणि बांधता बांधताच बांबूंची एक नवी युद्धविद्या त्याच्या अंगात मुरते. कल्पना पहिल्या चित्रपटाचीच, पण इतकी ताजी की दुसरा भाग पहिल्याची नक्कल वाटत नाही. १९८५चा तिसरा भाग, ‘डिसायपल्स’, त्या मानाने फिका आहे.

१९८४चा ‘द एट डायग्राम पोल फायटर’ मात्र वेगळ्या रंगाचा आहे. त्यातला प्रमुख नट अलेक्झांडर फू शेंग चित्रण चालू असतानाच, जुलै १९८३मध्ये, मोटार अपघातात वारला. कथा बदलावी लागली आणि शेवटाचा भार गॉर्डन लिऊवर आला. त्यातला मठ शांतीचा नाही. रणांगणातून वाचलेला, शोकाने पेटलेला माणूस तिथे काठी शिकतो आणि भिक्षू त्याला स्वीकारायला कचरतात. गॉर्डन लिऊचा अभिनय इथे सर्वांत तीव्र आहे. याच सुमारास शॉ ब्रदर्सने चित्रपटनिर्मिती आवरती घेतली आणि स्टुडिओ दूरचित्रवाणीकडे वळला. गॉर्डन लिऊही पुढची कित्येक वर्षे प्रामुख्याने टीव्ही मालिकांत दिसत राहिला.

चित्रपटाचे दुसरे आयुष्य तोवर अमेरिकेत सुरू झाले होते. इंग्रजी ध्वनी भरलेल्या प्रती ‘मास्टर किलर’ या नावाने न्यूयॉर्कच्या स्वस्त चित्रपटगृहांत आणि नंतर टीव्हीवर दाखवल्या जात. स्टॅटन आयलंड या भागातली कृष्णवर्णीय मुले ते पाहत मोठी झाली. त्यांच्यातल्या आरझेडए या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी वू-तांग क्लॅन हा रॅप गट काढला. १९९३च्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावात ‘थर्टी-सिक्स चेंबर्स’ आहे आणि गटातल्या एकाने मास्टा किला हेच नाव घेतले. आपल्या वस्तीला ही मंडळी शाओलिन म्हणत. सरकार आपले नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात आपण नाही, असे वाटणाऱ्या मुलांना मांचूंच्या ग्वांगजोउतला तरुण जवळचा वाटला, असे आरझेडएने पुढे अनेकदा सांगितले. १९७८च्या हाँगकाँगमध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नसलेला हा प्रेक्षकवर्ग होता.

दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोही याच प्रतींवर वाढलेला. ‘किल बिल’च्या २००३च्या पहिल्या भागात त्याने गॉर्डन लिऊला मुखवटाधारी टोळीप्रमुख जॉनी मो केले आणि २००४च्या दुसऱ्या भागात पांढऱ्या भुवयांचा, लांब दाढीचा गुरू पाय मेई. जुन्या प्रेक्षकांना यातली गंमत पुरेपूर कळली. दंतकथेतला पाय मेई हा शाओलिनचा घात करणारा. १९७७च्या ‘एक्झिक्युशनर्स फ्रॉम शाओलिन’मध्ये ती भूमिका लो लिएह यांची होती, आणि १९८०च्या ‘क्लॅन ऑफ द व्हाइट लोटस’मध्ये लो लिएह यांच्याच पांढऱ्या दाढीच्या खलनायकाशी गॉर्डन लिऊ नायक म्हणून लढला होता. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने ती दाढी स्वतः लावली आणि उमा थर्मनच्या पात्राला बादल्या घेऊन पायऱ्या चढायला लावले.

भारतीय प्रेक्षकांपुढे तो २००९च्या जानेवारीत आला. निखिल अडवाणींच्या ‘चांदनी चौक टू चायना’त तो होजो नावाचा तस्कर आहे आणि अक्षय कुमार दिल्लीच्या गल्लीतून चीनला पोचलेला स्वयंपाकी. भाबडा माणूस मार खातो, विद्या शिकतो आणि परत येऊन लढतो, ही कथेची चाल जुन्या कुंग फू चित्रपटांचीच. चित्रपट फारसा चालला नाही आणि गॉर्डन लिऊच्या वाट्याला त्यात रागीट खलनायकापलीकडे काही आले नाही. शिकणाऱ्याची भूमिका ज्याने अजरामर केली त्याला इथे शिकवण्याचीही संधी मिळायला हवी होती.

२०११मध्ये पक्षाघाताने त्याच्या शरीराची एक बाजू अधू झाली आणि पडद्यावरचे काम थांबले. त्याआधी चित्रित झालेला, आरझेडएने दिग्दर्शित केलेला ‘द मॅन विथ द आयर्न फिस्ट्स’ २०१२मध्ये आला. त्यात तो मठातल्या वृद्ध भिक्षूच्या छोट्या भूमिकेत आहे. लाउ कार-लेउंग २०१३च्या जूनमध्ये वारले. १९९४मध्ये ‘ड्रंकन मास्टर २’चे दिग्दर्शन करून त्यांनी जॅकी चॅनच्या पिढीशीही नाते जोडले होते. स्टुडिओचे संस्थापक रन रन शॉ पुढच्याच वर्षी, वयाच्या शंभरीनंतर गेले.

शॉ ब्रदर्सचा साठा कित्येक वर्षे कपाटात बंद होता. सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने तो २००० साली विकत घेतला, साडेसातशेहून अधिक चित्रपट, आणि एकेक प्रत साफ करून २००२पासून बाजारात आणली. ‘छत्तिसावे दालन’ पाहायचे तर याच प्रतींतून, मूळ मँडरिन ध्वनी आणि उपशीर्षकांसह पाहावे. जुन्या टीव्ही प्रतींमध्ये रुंद चौकटीच्या दोन्ही कडा कापलेल्या आहेत; सान तेचा ताणलेला हात दिसतो, पण टोकाची बादली चौकटीबाहेर जाते, आणि पहिल्या दालनात एका वेळी कुंडाचा एकच काठ दिसतो.